खसाळ्याचा राखड बंधारा आणि कोराडीची राख: एक प्रकरण अभ्यास

१६ जुलै २०२२. विदर्भात पावसानं धुमाकूळ घातला होता. त्या दिवशी नागपूरजवळच्या खसाळ्यातला राखड बंधारा, म्हणजे वीज केंद्राची पाण्यात कालवलेली राख साठवण्याचा बांध घातलेला तलाव, फुटला. गाव कामठी तालुक्यातलं, बंधारा कोराडी औष्णिक वीज केंद्राचा. राखेचा करडा लोंढा शेतांत शिरला, नाल्यांवाटे पुढे सरकला आणि कन्हान नदीपर्यंत पोचला. नागपूर शहर पेंचप्रमाणेच कन्हानचंही पाणी पितं, त्यामुळे शहराच्या पाणीपुरवठ्यालाही झळ बसली. ज्यांच्या धुऱ्यावरून राख आत आली, त्या शेतकऱ्यांचा तर हंगामच गेला. सोयाबीन, कपाशी नुकती वर आलेली होती. पावसाचं पाणी दोन दिवसांत ओसरतं, राख ओसरत नाही. ती थर होऊन बसते आणि वाळली की वाऱ्यावर उडते.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार २०२१-२२ या वर्षात देशातल्या कोळशावरच्या वीज केंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि तिच्यातली जवळपास ९६ टक्के वापरली गेली. १९९६-९७ मध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्याही आत होतं. पाव शतकात एवढी मजल मारणं ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यामागे अनेक अभियंत्यांचे, वीट उत्पादकांचे आणि संशोधकांचे कष्ट आहेत. पण मग खसाळ्याच्या बंधाऱ्यात एवढी राख कुठून आली? ९६ टक्के राख कामी लागत असेल, तर नागपूरच्या उशाशी राखेचे डोंगर का उभे आहेत?

याचं उत्तर मला फुटलेल्या बांधापेक्षा त्याच्या मागच्या पाइपलाइनमध्ये दिसतं. राखेत पाणी कालवण्याचा निर्णय वीज केंद्रात ज्या क्षणी होतो, त्याच क्षणी तिचा चांगला उपयोग बहुतेक संपतो. पुढे बंधारा, गळती, धूळ आणि फुटणं हे सगळं त्या एका निर्णयाच्या मागोमाग येतं.

राख येते तरी किती

कोराडीत १९७४ पासून वीज तयार होते. जुने छोटे संच बहुतेक बंद झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच सुरू झाले. तिथून काही किलोमीटरवर खापरखेडा केंद्र आहे, १३४० मेगावॅटचं. दोन्ही राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीची. कोराडीची राख कोराडी आणि खसाळा इथे जाते, खापरखेड्याची वारेगावला. नांदगावलाही खापरखेड्यासाठीच नवा बंधारा झाला.

कोराडीच्या तीन मोठ्या संचांचा ढोबळ हिशेब मांडू. १९८० मेगावॅट, ८० टक्के भारानं दिवसभर चालले, तर साधारण ३८ हजार मेगावॅट-तास वीज होते. एका मेगावॅट-तासाला सुमारे ६५० किलो कोळसा धरला तर दिवसाला २५ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण ३५ ते ४० टक्के असतं. म्हणजे दिवसाला ९ हजार टन राख, फक्त तीन संचांची. रोज, सणवार न पाहता.

यातली साधारण ८० टक्के राख धुराबरोबर वर जाते. चिमणीच्या आधी असलेली ईएसपी यंत्रणा तिला विजेच्या भारानं पकडून खालच्या नरसाळ्यासारख्या हॉपरमध्ये पाडते. हीच फ्लाय अ‍ॅश. उरलेली २० टक्के जाडी, दाणेदार राख बॉयलरच्या तळाशी पडते. तिला बॉटम अ‍ॅश म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी पाण्यानंच बाहेर काढली जाते. या दोन राखा वेगळ्या ठेवणं हा पहिला धडा, आणि तोच अनेक ठिकाणी पाळला जात नाही. दोन्ही एकाच पाइपमधून, पाण्यात मिसळून बंधाऱ्याकडे निघतात. एक भाग राखेला पाच ते दहा भाग पाणी, कधी त्याहूनही जास्त. ९ हजार टन राखेला किती पाणी लागेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

कोरडी राख आणि ओली राख

हॉपरमधली कोरडी फ्लाय अ‍ॅश चिमटीत घेऊन पाहा. ती टाल्कम पावडरइतकी मऊ लागते, बोटांच्या रेषांत शिरते आणि हलकी फुंकर मारली तरी उडते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण जवळपास गोल दिसतात, काचेच्या बारीक मण्यांसारखे. भट्टीत वितळलेली खनिजं हवेत तरंगत असतानाच थंड झाल्यानं त्यांना हा आकार येतो. त्यात मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं, थोडं लोह असतं. आपल्या कोळशाच्या राखेत चुना फार कमी असतो, म्हणून ती नुसत्या पाण्यानं घट्ट होत नाही. पण चुना मिळाला की तिचं रूप पालटतं.

सिमेंटमध्ये पाणी घातलं की त्यातून काही चुना मोकळा होतो. एरवी तो काँक्रीटमध्ये कमकुवत जागा तयार करतो, पुढे पाण्याबरोबर झिरपून बाहेरही येतो. फ्लाय अ‍ॅशमधली सिलिका त्याला पकडते आणि त्याच जातीचा नवा चिकट पदार्थ बनवते, ज्यानं सिमेंट घट्ट होतं. काँक्रीट जास्त घन होतं, पाणी कमी शोषतं, आतली सळई जास्त काळ टिकते. गोल कणांमुळे मिश्रण सहज पसरतं, पाणी कमी लागतं. शिवाय जेवढी राख, तेवढं क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ माल, वाचतं. एक टन क्लिंकर टळलं की पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड टळतो. राखेचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

भारतीय मानकानुसार पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये, म्हणजे दुकानात पीपीसी म्हणून मिळणाऱ्या पोत्यात, १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. घर बांधणाऱ्या बहुतेकांच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये कुठल्या तरी वीज केंद्राची राख असतेच. मात्र त्यासाठी राख कोरडी हवी, बारीक हवी, आणि तिच्यात न जळलेला कोळसा कमी हवा. तिची बारकाई मोजायला मानक आहे: एक किलो राखेच्या कणांचं एकूण पृष्ठफळ किमान ३२० चौरस मीटर भरलं पाहिजे. ईएसपीच्या शेवटच्या रांगांतल्या हॉपरमध्ये सगळ्यात बारीक राख मिळते, पहिल्या रांगांत जाडी. जाणकार गिऱ्हाईक कोणत्या रांगेची राख आहे ते आधी विचारतं.

हीच राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडली की काय होतं? ती बॉटम अ‍ॅशमध्ये मिसळते. पाइपच्या तोंडाशी जाडे कण बसतात, बारीक कण दूर वाहत जातात. त्यामुळे एकाच बंधाऱ्यात दहा ठिकाणी दहा प्रकारची राख सापडते. तिच्यात पाणी मुरलेलं असतं, गोळे झालेले असतात. सिमेंट कारखान्याला ती आधी सुकवावी लागते, चाळावी लागते, कधी दळावी लागते. हे न परवडल्यानं कारखाना तिच्याकडे पाठ फिरवतो. दुसरं नुकसान जास्त गंभीर आहे. राखेत आर्सेनिक, सेलेनियम, पारा, बोरॉन, क्रोमियम असे घटक अल्प प्रमाणात असतात. काँक्रीटमध्ये ते बऱ्यापैकी अडकून पडतात. बंधाऱ्यात मात्र ती राख वर्षानुवर्षं पाण्यात भिजत राहते, आणि खाली अस्तर नसेल तर ते पाणी जमिनीत उतरतं.

नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंटनं, मंथन अध्ययन केंद्र आणि असर या संस्थांबरोबर, कोराडी-खापरखेडा परिसरातल्या पाण्याचे आणि राखेचे नमुने तपासून २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता. अनेक ठिकाणी पाण्यात जड धातू मर्यादेपेक्षा जास्त आढळले, असं त्यात म्हटलं आहे. बंधारा फुटला तो त्यानंतर आठ महिन्यांनी. फुटणं सगळ्यांना दिसलं, झिरपणं मात्र आधीपासून चालूच होतं.

बंधारा कशानं धोक्यात येतो

राखड बंधारे बहुधा एकदम पूर्ण उंचीचे बांधत नाहीत. आधी मातीचा एक बांध घालतात. तो भरत आला की त्याच्यावर आतल्या बाजूला सरकून दुसरा टप्पा चढवतात, मग तिसरा. वरच्या टप्प्याचा काही भाग आत बसलेल्या राखेवरच उभा असतो. चिकण मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात, राखेचे गोल कण धरत नाहीत. पाणी वेळच्या वेळी बाहेर काढलं, निचऱ्याच्या वाटा मोकळ्या ठेवल्या, बांधाची कड पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेशी उंच राखली, तर बंधारा टिकतो. पण राख पाण्यानं पूर्ण भिजली आणि बांधातून पाणी वाट काढू लागलं, तर आख्खा ढीग पातळ होऊन वाहतो. म्हणूनच पावसाळ्यात भरलेला बंधारा ही सगळ्यात नाजूक अवस्था असते.

अशा घटना इतरत्रही घडल्या आहेत. सिंगरौली पट्ट्यात २०१९ चा ऑगस्ट, २०१९ चा ऑक्टोबर आणि २०२० चा एप्रिल, अशा आठ-नऊ महिन्यांत तीन वेगवेगळ्या केंद्रांचे बंधारे फुटले. त्यातल्या सासनच्या घटनेत माणसं वाहून गेली. अमेरिकेत टेनेसीमधल्या किंग्स्टन इथे २००८ च्या डिसेंबरात सुमारे ४१ लाख घनमीटर राख-पाणी बाहेर पडलं, आणि तिथल्या राखेच्या नियमांची सगळी चर्चा त्यानंतर बदलली. सासनचा बंधारा एप्रिलमध्ये आणि किंग्स्टनचा डिसेंबरात फुटला, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. पाऊस हे नेहमीच कारण नसतं.

नागपूरच्या राखेला गिऱ्हाईक का कमी

राखेचा उपयोग हा शेवटी वाहतुकीचा प्रश्न आहे. राख स्वस्त आणि वजनदार असते. तिला दूर न्यायचं म्हणजे मालापेक्षा भाडं जास्त.

मुंबईच्या बांधकाम बाजाराच्या हाताशी असलेल्या डहाणू केंद्राची राख वर्षानुवर्षं पूर्ण उचलली जाते. केंद्र ५०० मेगावॅटचं, राख कमी, आणि काँक्रीटचा भुकेला बाजार दोन-तीन तासांवर. नागपूरचं चित्र उलटं आहे. कोराडी आणि खापरखेडा तर शेजारीशेजारी. त्यात मौद्याला एनटीपीसीचं २३२० मेगावॅटचं केंद्र, तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं खासगी केंद्र, चंद्रपूरला महानिर्मितीचंच २९२० मेगावॅटचं. विदर्भातले सिमेंट कारखाने मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, आणि त्यांना चंद्रपूरची राख दाराशी मिळते. ते कोराडीची राख दीडशे किलोमीटरवरून कशाला आणतील? वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते, मुंबई-पुण्याला जाते. राख मात्र विदर्भातच राहते. हे मी कुणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही, पण राखेचं धोरण ठरवताना हा हिशेब टेबलावर असायलाच हवा.

आणखी एक हिशेब पाहू. कोराडीच्या तीन संचांची फ्लाय अ‍ॅश दिवसाला सुमारे ७२०० टन. एका बल्करमध्ये, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकमध्ये, ३० टन भरली, तर रोज २४० बल्कर लागतात. रात्रंदिवस, दर सहा मिनिटांनी एक. सायलोखाली, म्हणजे कोरडी राख साठवण्याच्या उंच टाकीखाली, बल्कर लावायचा, लवचिक नळी तोंडात सोडायची, भरायचा, वजन करायचं, पावती करायची, काढायचा. एक बल्कर अडला की मागे रांग लागते. सायलो भरला की हॉपर रिकामे करायला दुसरी वाट उरते ती एकच: पाणी मारायचं आणि बंधाऱ्याकडे सोडायचं. हॉपर तुंबला तर ईएसपी बंद पडते आणि संच बंद करावा लागतो, म्हणून नियंत्रण कक्षातला अभियंता ती वाट घेणारच. सायलोची साठवण दोन-तीन दिवसांचीच असेल, तर ही वेळ वारंवार येते. यात त्याची चूक मला दिसत नाही. त्याला दुसरा पर्याय ठेवलेलाच नसतो.

रेल्वेनं राख दूर नेणं शक्य आहे, पण त्यासाठी दोन्ही टोकांना सायलो आणि भरण्या-उतरवण्याची सोय लागते. ते एकदाच करायचं भांडवली काम आहे. बंधाऱ्याची उंची वाढवण्यावर होणारा खर्च, भूसंपादनाचा खर्च आणि फुटल्यावरची भरपाई यांच्या शेजारी ते मांडून पाहिलं पाहिजे.

विटांवर किती भिस्त ठेवायची

राखेचा उपयोग म्हटला की सरकारी कार्यक्रमांत आधी विटेचं नाव निघतं. वीट चांगलीच आहे. फ्लाय अ‍ॅश, चुना किंवा थोडं सिमेंट, जिप्सम, आणि दगडाची चुरी किंवा रेती मिक्सरमध्ये फिरवायची, दाबयंत्रात ठोकायची आणि दोन-तीन आठवडे पाणी मारायचं. भट्टी नाही, जळण नाही, शेतातली वरची कसदार माती जात नाही. वीट आकारानं एकसारखी निघते, त्यामुळे जुडाईला आणि गिलाव्याला मसाला कमी लागतो. गवंडी सुरुवातीला कुरकुर करतात, कारण ही वीट लाल विटेसारखी पाण्यात बुडवून काढायची नसते, नुसती शिंपडायची असते. जास्त भिजवली तर जुडाई सरकते आणि पुढे गिलाव्याला केसासारख्या भेगा दिसतात. या भेगांनीच राखेच्या विटेचं नाव खराब केलं आहे. पाणी मारण्याचे दिवस पूर्ण न करता घाईत विकलेली वीट हे दुसरं कारण.

पण आकडा पाहा. तीन किलोच्या विटेत साधारण दीड-पावणेदोन किलो राख असते. दिवसाला दहा हजार विटा काढणारा कारखाना १६ टनांच्या आसपास राख खातो. असे शंभर कारखाने नागपूरभोवती उभे केले तरी १६०० टन, म्हणजे कोराडीच्या राखेचा पाचवा भागही नाही. वीट उद्योगाला मदत करावी ती गावात रोजगार येतो म्हणून, माती वाचते म्हणून. ती एकटी बंधारा रिकामा करेल, हे शक्य नाही.

छोट्या वीटवाल्याची तक्रारही ऐकण्यासारखी आहे. २००९ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार कोरड्या राखेचा किमान २० टक्के वाटा वीट, ब्लॉक आणि टाइल बनवणाऱ्यांना मोफत द्यायचा होता. पण कोरडी राख न्यायला बल्कर लागतो, आणि चार-पाच मजुरांवर धंदा चालवणाऱ्याकडे ना बल्कर असतो, ना सायलो. तो टिप्परनं ओली राख नेतो. ती दर वेळी वेगळी निघते, आणि विटेची ताकदही दर वेळी वेगळी.

पावसाळ्याचा तर कुणीच नीट विचार केलेला दिसत नाही. जूनमध्ये विटांचे कारखाने थंडावतात, रस्त्यांचे भराव थांबतात, बांधकामं मंदावतात, सिमेंटचा खप घसरतो. राखेची मागणी वर्षात सगळ्यात कमी असते ती जुलै-ऑगस्टमध्ये. आणि बंधाऱ्यात पावसाचं पाणीही याच दिवसांत साठतं. वर्षाची सरासरी कितीही देखणी असली तरी तिच्यात हे चार महिने लपून जातात. खसाळा जुलैमध्ये फुटला.

टक्केवारीत काय काय येतं

राखेवरची पहिली केंद्रीय अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ ची. त्यानंतर २००३, २००९, २०१६ मध्ये दुरुस्त्या झाल्या, आणि ३१ डिसेंबर २०२१ ला नवी अधिसूचना आली. दरम्यान महाराष्ट्रानं २०१६ मध्ये स्वतःचं राख वापर धोरण आणलं. देशात असं धोरण आणणारं हे पहिलं राज्य. २०२१ च्या अधिसूचनेत पहिल्यांदा दंडाला दात आले: न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये. कोराडीसारख्या केंद्राची रोज हजार टन राख पडून राहिली, तर दिवसाला दहा लाख. केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्ते आणि बांधकाम यंत्रणांवरही राख वापरण्याचं बंधन आलं.

अधिसूचनेत मान्य उपयोगांची यादी मोठी आहे: सिमेंट, विटा, रस्ते, धरणं, खाणींचे खड्डे भरणं, सखल जमीन भरणं, माती तपासून शेतीत वापर, निर्यात. माझा आक्षेप इथे आहे. क्लिंकर वाचवणारी एक टन राख आणि कुठल्याशा खोलगट जागेत ओतलेली एक टन राख टक्केवारीत सारखीच मोजली जाते. दुसऱ्या प्रकारात खाली अस्तर घातलं का, भूजल किती खोल आहे, वर मातीचा थर टाकला का, हे पाहणारं कुणी नसेल, तर तो नाव बदललेला बंधाराच असतो, फक्त छोटा आणि विखुरलेला. त्याचा बांध फुटत नाही, म्हणून बातमी होत नाही. विहिरीचं पाणी बिघडतं ते काही वर्षांनी, आणि तोवर ती राख कुणाची होती हेही कुणाला आठवत नाही.

नांदगावच्या प्रकरणात लोकांनी हेच ओळखलं होतं. पारशिवनी तालुक्यातलं हे गाव पेंच नदीजवळ आहे. तिथे नवा बंधारा सुरू झाला आणि राखेची धूळ, पाणी यांवरून गावकरी उभे राहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे गावात आले आणि तिथे राख टाकणं थांबवण्याचा आदेश झाला. टाकलेली राख उचलायचंही ठरलं. गावकऱ्यांचं हे मोठं यश होतं. पण वीज केंद्र चालूच होतं, राखही निघतच होती. एक दार बंद झालं की ती दुसऱ्या दाराशी जाते, म्हणून बंधारा बंद करण्याच्या प्रत्येक आदेशात कोरड्या राखेची उचल वाढवण्याचं वेळापत्रकही असायला हवं होतं.

साठलेल्या राखेचं काय

कोरडी राख वेळेत उचलली तर नवा ढीग थांबतो. जुना ढीग तसाच राहतो. त्यासाठी मोठ्या प्रमाणावर ओली राख खाणारा एकच मार्ग व्यवहार्य आहे, रस्त्यांचे उंच भराव. दिल्लीत निजामुद्दीनच्या दुसऱ्या पुलाला जोडणारा रस्ता यमुनेच्या पूरपात्रात बंधाऱ्यातल्या राखेच्या भरावावर उभा आहे, नव्वदच्या दशकापासून. भारतीय रस्ते काँग्रेसची त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. राख पातळ थरांत पसरायची, योग्य ओलाव्यावर रोलरनं दाबायची, दोन्ही बाजूंना आणि वरून चांगल्या मातीचं जाड आवरण द्यायचं, आणि राखेचा तळ भूजलाच्या वर ठेवायचा. हे आवरण खर्च वाचवण्यासाठी कापलं की पहिल्याच पावसात भरावाला घळी पडतात. ठेकेदाराच्या कामावर लक्ष ठेवायचं असेल तर मी तिथेच उभा राहीन.

सरासरी ३० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भराव धरला, तर एका किलोमीटरला ९० हजार घनमीटर भरती लागते, म्हणजे लाखभर टन राख. कोराडीच्या अकरा-बारा दिवसांची राख एका किलोमीटरमध्ये मावते. नागपूरभोवती गेल्या दशकात जेवढे महामार्ग, वळणरस्ते आणि उड्डाणपूल झाले, तेवढ्यासाठी किती टेकड्यांचा मुरूम खणला गेला, ते हिंगण्याकडे जाताना दिसतं. मुरूम सोपा असतो, जवळ असतो आणि त्याची परवानगी लवकर मिळते. राखेला मात्र निविदेत वेगळी ओळ लागते. ती ओळ अंदाजपत्रकातच नसेल, तर काम सुरू झाल्यावर ठेकेदार ती घालणार नाही.

२०२१ च्या अधिसूचनेनं जुन्या राखेसाठी दहा वर्षांची मुदत दिली आहे. जो बंधारा स्थिर करून त्यावर झाडं लावली आहेत आणि तसं प्रमाणित झालं आहे, त्याला त्यातून सूट आहे. सरसकट सगळे जुने ढीग उपसावेत, असं मला वाटत नाही. बारीक राखेचा कोरडा डोंगर उकरला, की ती हवेत उडते आणि टिप्परमधून रस्ताभर सांडते. खसाळ्यासारख्या ठिकाणी आधी पाणी पूर्ण काढून पाइपच्या तोंडाजवळची जाडी राख रस्त्यांना द्यावी, आणि दूरच्या बारीक राखेवर माती चढवून, निचरा बांधून, आजूबाजूच्या विहिरी दर तिमाहीला तपासत राहावं. ते तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवेत, मराठीत. आज ते शोधायला संकेतस्थळावरचे शेकडो पानांचे अहवाल उघडावे लागतात.

कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यांची जनसुनावणी २९ मे २०२३ ला झाली आणि तिथे राखेवरून लोकांनी बरंच ऐकवलं. वरच्याच हिशेबानं हे दोन संच दिवसाला आणखी सहा हजार टन राख देतील. "शंभर टक्के राख वापर" हे शब्द अशा सगळ्याच परवानग्यांत असतात. माझ्या मते त्याऐवजी तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्याव्यात: पावसाळ्याचा पूर्ण महिना पुरेल एवढी कोरडी साठवण, बॉटम अ‍ॅशसाठी वेगळी आणि कोरडी व्यवस्था, आणि राख भरायला रेल्वेचं स्वतःचं साइडिंग, म्हणजे केंद्राच्या आत आलेला रुळांचा फाटा. संच पेटवण्याच्या तारखेआधी या तिन्ही गोष्टी उभ्या असतील, तरच संच पेटवावा. बंधाऱ्याकडे जाणाऱ्या पाइपवर मीटर बसवावा आणि रोज किती टन राख ओली झाली ते महिन्याच्या महिन्याला जाहीर करावं. खसाळ्याच्या शेतकऱ्याला देशाच्या टक्केवारीपेक्षा या एका आकड्याची जास्त गरज आहे, आणि तो मोजायला फार मोठं यंत्र लागत नाही.